सादळती हवा आणि घरातील कुंडी

जुलै महिन्यात रत्नागिरीच्या व्यापाऱ्याला हवेतील ओलाव्याविषयी कोणी शिकवावे लागत नाही. पापड सादळतात, काजूगराचा कुरकुरीतपणा जातो, कापडाच्या गाठींना कुबट वास येऊ लागतो. माल जमिनीपासून उंच ठेवावा, भिंतीला टेकवू नये, उघडीप मिळताच त्याला हवा द्यावी, हे नियम पेढीवर पिढ्यानपिढ्या पाळले जातात. मात्र त्याच पेढीवरील किंवा घराच्या दिवाणखान्यातील शोभेच्या रोपाला हे नियम लावण्याचे सहसा सुचत नाही. रोप पाण्यावर जगते, तेव्हा ओलावा जितका अधिक तितका बरा, अशी आपली समजूत असते. पावसाळ्यात घरातील कितीतरी रोपे दगावतात, ती या समजुतीपायीच.

रोप मुळांनी पाणी घेते आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून ते वाफेच्या रूपाने हवेत सोडते. हवा कोरडी असेल तर हा प्रवाह वेगाने चालतो. हवा बाष्पाने भरलेली असेल तर तो मंदावतो. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर राहते. घरात ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक रोपांना ५० ते ६० टक्के आर्द्रता पुरेशी असते. म्हणजे पावसाळ्यात रोप पाणी फारसे ओढत नाही, कुंडीतील माती वाळत नाही आणि आपण मात्र सवयीने रोज तांब्याभर पाणी घालत राहतो. मातीच्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी साचते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी घेऊ शकत नाहीत, म्हणून पाने मरगळतात. मरगळलेली पाने पाहून घरातील माणूस आणखी पाणी घालतो. येथेच रोप हातचे जाते.

पहाटे मनी प्लांटच्या किंवा अळूच्या पानाच्या टोकाशी कधी कधी थेंब लोंबताना दिसतो. तो नेहमी दवाचाच असतो असे नाही. माती ओली आणि हवा दमट असली की मुळांच्या दाबाने जादा पाणी पानाच्या कडेतून असे बाहेर येते. घरातील कुंडीत हा थेंब दिसला, तर त्या दिवशी पाणी देण्याची गरज नाही असे समजावे.

मग पानांवर फवारा मारावा, कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवावी, हा सल्ला आला कोठून? तो थंड देशांतील आहे. तेथे हिवाळ्यात घरे तापवली जातात आणि खोलीतील हवा अगदी शुष्क होते. १८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वार्ड यांना बंद काचेच्या बरणीतील ओल्या मातीत नेच्याचे रोप उगवलेले आढळले. शहराच्या धुरकट हवेत त्यांचे नेचे जगत नसत. बरणीत मात्र तोच ओलावा फिरून फिरून वापरला जात होता. यावरून त्यांनी काचेच्या पेट्या तयार केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे जहाजाने ऑस्ट्रेलियाला सुखरूप पोहोचली आणि पुढे चीनमधील चहाची रोपेही अशाच पेट्यांतून भारतात आली. कोरड्या हवेत ओलावा राखण्याचा तो उपाय होता. रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने सारे घरच अशी पेटी झालेले असते. तेथे फवाऱ्याने आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते, पानावर राहिलेल्या पाण्याने मात्र बुरशीचे डाग पडतात.

याला एक अपवाद आहे, तो म्हणजे वातानुकूलित दुकान. यंत्र हवा थंड करताना तिच्यातील बाष्प काढून घेते. बाहेरच्या नळीतून ठिबकणारे पाणी ते हेच. गल्ल्याजवळील रोपाच्या पानांची टोके करपली, तर कारण बहुधा हा कोरडा झोत असतो. रोप झोतापासून दूर सरकवावे आणि दोन-चार कुंड्या एकत्र ठेवाव्यात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तेव्हा घरातील हवाही काहीशी कोरडी होते. त्या दिवसांत पाणी किंचित वाढवावे.

पावसाळ्यापुरते नियम थोडके आहेत. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कुंडी ओलसर भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. तिच्या तळाशी छिद्र असावे. खाली जांभ्याचे खडे पसरले, तर निचरा झालेल्या पाण्यात कुंडीचा तळ बुडून राहत नाही. आपल्याकडे सहज मिळणारा नारळाच्या सोडणाचा भुसा पाणी फार धरून ठेवतो, म्हणून त्यासोबत मातीत जाडसर वाळूही मिसळावी. पाऊस थांबताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. एरवी पंखा मंद गतीने चालू ठेवावा. स्नेक प्लांटसारख्या जाड पानांच्या रोपाला या दिवसांत दोन-तीन आठवडे पाणी न दिले तरी चालते. नेचे आणि अँथुरियम यांना मात्र हीच हवा मानवते.

थाळीतील आणि बाटलीतील पाण्याविषयी अधिक दक्षता हवी. मनी प्लांटच्या बाटलीत डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्या जिवांची उत्पत्ती झाल्यावर औषध मारण्याची वेळ येते. त्यापेक्षा उत्पत्तीच होऊ नये अशी व्यवस्था करणे, ही खरी जयणा. चातुर्मासात पीठ-मसाले बुरशीपासून जपताना आपण हेच करतो. थाळी रोज कोरडी करावी. बाटलीतील पाणी दर चार दिवसांनी बदलावे आणि आतला काठ घासून घ्यावा, कारण अंडी तेथेच चिकटलेली असतात.

काही शे रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक घरात ठेवणे उपयुक्त ठरते. काटा दिवसभर ८० च्या वर राहत असेल, तर केवळ कुंडीची नव्हे, कपाटामागील भिंतीचीही पाहणी करावी. तेथे वाढणारी बुरशी दम्याच्या रुग्णाला, लहान मुलांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्रासदायक ठरते. घरातील कोणत्या कोपऱ्यात हवा कोंडली आहे, हे पिवळे पडणारे रोप आपल्याला पुष्कळदा आधीच सांगत असते. तेव्हा पाण्याचा तांब्या हाती घेण्यापूर्वी त्या कोपऱ्याची खिडकी उघडून पाहावी.