आईचा फॅन पाचवर

डिसेंबरची रात्र. तुम्ही गोधडीत शिरून मोबाइल बघताय आणि आई उठून फॅन पाचवर करते. तुम्ही ओरडता, 'आई, थंडी वाजतेय!' ती काही न बोलता गॅलरीत जाऊन उभी राहते. सकाळी भाजीत मीठ दोनदा पडलेलं असतं आणि तुम्ही तोंड वाकडं केलं की ती अशी उसळते की बाबाही पेपरच्या आड जातात.

आईचं वय काय? चाळिशी ओलांडली असेल तर उत्तर तिथेच असण्याची शक्यता बरीच आहे. पाळी कायमची जाण्याआधीच्या या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते आणि त्याआधी काही वर्षं ही गडबड सुरू होते. म्हणजे तुमची बारावी, सीईटी, अ‍ॅडमिशन आणि आईचं हे सगळं एकाच घरात, एकाच वेळी. भांड्याला भांडं लागणारच.

या काळात इस्ट्रोजेन हळूहळू, शिस्तीत कमी होत नाही. शेअर बाजारासारखं वरखाली होतं. त्यामुळे मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग उगाचच 'गरम होतंय' असा इशारा देतो. चेहरा, मान, छातीतून वाफा निघतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं आणि काही मिनिटांनी उलट थंडी वाजते. हे रात्रीतून तीनदा झालं तर झोपेचं काय होणार? आणि झोप नसेल तर चिडचिड, विसरणं, ऐन वेळी शब्द न आठवणं आलंच. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री जागलो की दुसऱ्या दिवशी कसे असतो, ते आठवा. तिचं ते महिनोन्‌महिने चाललेलं असतं, वर सहाला उठून डबा.

मी कॉलेजात असताना आईला म्हणाले होते, 'तू ना हल्ली फार ड्रामा करतेस.' ती जिना चढताना मध्येच बसायची, त्यावरून. तिला तेव्हा दहा-बारा दिवस जोरात रक्तस्राव होत होता. 'या वयात व्हायचंच' म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस भाजी घेताना चक्कर येऊन पडली, तेव्हा हिमोग्लोबिन तपासलं. सात निघालं.

म्हणून हे नीट वाचा. पाळी पुढेमागे होणं या काळात नेहमीचं आहे. पण दर तासाला पॅड बदलावं लागणं, गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं, यासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी लगेच. थायरॉइडही तपासून घ्या, त्याची लक्षणं बरीचशी अशीच असतात.

आणि कुणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कधी कधी ती शस्त्रक्रिया लागतेही, पण गोळ्या असतात, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवता येते. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो. आपल्याकडे बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती, हे विसरू नका.

हॉट फ्लॅशेस, झोप यांवर घरी काय करता येतं? सुती कपडे, उशाशी पाणी, संध्याकाळनंतरचा चहा बंद, तिखट कमी (कोल्हापूरकरांनो, सॉरी). हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दूध, नाचणी, तीळ आणि वजन उचलण्याचा व्यायाम. तुम्ही जिमला जाताच, तिलाही दोन डंबेल्स शिकवा. एवढ्याने भागलं नाही तर हार्मोनची औषधं आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर सगळे त्यांना घाबरले. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय साठीच्या पुढे होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्यांचा सहसा धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो, असं आता मानतात. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना मात्र ती सहसा देत नाहीत. मनाने घ्यायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता अवघड भाग, विषय काढायचा कसा? मुलग्यांनो, तुम्हीही. 'आई, तुला मेनोपॉज आलाय' असं जेवणाच्या ताटावर जाहीर करू नका, लाटणं येईल. तिच्यासोबत भांडी घासायला उभे राहा आणि विचारा, 'रात्री झोप लागत नाही का गं?' ती आधी 'काही नाही, तू अभ्यास कर' म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ती बोलायला लागली की तिच्या मोबाइलमध्ये पाळीच्या तारखा, त्रास लिहून ठेवायला मदत करा. डॉक्टरांसमोर ती निम्मं विसरते आणि उरलेलं 'तसं काही विशेष नाही' म्हणून गिळते. तुम्ही सोबत गेलात तर कागद पुढे करता येईल.

आणि फॅन राहू दे पाचवर. माळ्यावर अजून एक गोधडी असेल, ती काढा.