किल्ली पुन्हा मिळायला हवी ना?

पावसाळी ट्रिप झक्कास झाली. पण सीटवर चहा, मॅटवर चिखल आणि गाडीभर कुबट वास! बाबांनी पुढच्या वेळीही किल्ली द्यावी असं वाटत असेल, तर आजच कामाला लागा.

डाग घासू नका, पसरतो. सुती फडक्याने टिपून घ्या. दूध सांडलंय? थंड पाणीच वापरा. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं घट्ट होऊन डाग पक्का बसतो. चिखल मात्र वाळू द्या, मग ब्रशने झाडा. मॅट उन्हात टाका, खालचं कार्पेटही सुकवा. बुरशी तिथेच धरते. कोरड्या कापडी सीटवर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा.

आणि परफ्यूम? त्याने वास फक्त झाकला जातो. बाबांचं नाक फसत नाही!