चेहरा कसा सांधला जातो?

आरशात रोज दिसणारा आपला चेहरा अखंड वाटतो. एखादी मूर्ती एकाच पाषाणातून कोरावी तसा तो घडला असेल, अशी आपली सहज समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. माणसाचा चेहरा कोरला जात नाही. तो सांधला जातो. निरनिराळ्या जागी वाढलेले भाग एकमेकांकडे सरकतात, भेटतात आणि एकजीव होतात. आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या चाळींत आणि सभांत गेले. शरीरशास्त्र आम्ही ग्रंथालयात बसून, एकेक पान दोनदा वाचून शिकलो. तरीही हा विषय मुद्दाम निवडला, त्याचे कारण पुढे येईलच.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात गर्भ तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. चेहऱ्याच्या जागी तेव्हा केवळ एक खळगा असतो. हाच तोंडाचा आरंभ. खळग्याच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस तो विरतो आणि तोंड व अन्नमार्ग जोडले जातात. खळग्याभोवती पाच उंचवटे येतात: वर कपाळाकडचा एक, दोन्ही बाजूंस वरच्या जबड्याचे दोन आणि खाली खालच्या जबड्याचे दोन. त्यांत भरणारा बराचसा माल जागेवरचा नसतो. घडत्या मेंदूच्या काठावरून पेशींचे जथे निघतात आणि येथे येऊन वस्ती करतात. चेहऱ्याची बहुतेक हाडे या परगावच्या पेशींनीच बांधलेली आहेत.

आता सांधकाम सुरू होते. प्रथम खालचे दोन उंचवटे मध्यभागी मिळतात आणि खालचा ओठ व हनुवटी तयार होते. कपाळाकडच्या उंचवट्यावर नाकाच्या दोन जागा खोलगट होतात आणि त्यांच्या कडा उचलल्या जातात. आरंभी डोक्याच्या दोन अंगांना असलेले डोळे पुढे येऊ लागतात. मानेपाशी उगवलेले कान वर चढतात. वरच्या जबड्याचे उंचवटे दोहींकडून आत सरकतात आणि नाकाच्या आतल्या कडांना मध्यावर आणतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात हे सर्व सांधून वरचा ओठ पुरा होतो. नाकाखाली बोटाला जी लहानशी पन्हळ लागते, ती मधल्या तुकड्याची आहे. वरचे पुढचे चार दातही त्याच तुकड्यात बसतात.

टाळूचे काम मागून होते. दोन फळ्या जिभेच्या दोन्ही बाजूंना उभ्या लोंबत असतात. सातव्या-आठव्या आठवड्यात जीभ खाली बसते, फळ्या आडव्या होतात आणि मधोमध भेटतात. पुढून मागे सांधत जाऊन बाराव्या आठवड्याच्या सुमारास टाळू पुरी होते. विल्हेल्म हिस (१८३१–१९०४) या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाने गर्भाचे पातळ काप करून, त्यांवरून मोठे नमुने पुन्हा उभे करून, मानवी गर्भाच्या अशा अवस्था अभ्यासल्या. १८८० ते १८८५ या काळात त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता मुख्य मुद्दा. एखादा सांधा राहून गेला तर? जगात सुमारे ७०० ते १००० जन्मांमागे एका मुलाचा ओठ किंवा ओठ व टाळू दुभंगलेली असते. आमच्या ओळखीच्या एका कामगाराच्या घरी असे मूल जन्मले. घरच्यांचा पहिला प्रश्न बाळंतिणीला होता: “ग्रहणात काय चिरलंस?” ती रडत राहिली, ग्रहण कधी झाले, हेही तिला आठवेना. असे प्रश्न घरोघर विचारले जातात, म्हणून हा लेख.

पंचांग घेऊन आपणच हिशेब करू. ओठ पुरा होतो सातव्या आठवड्यात. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने पुरा झालेला ओठ पुन्हा उलगडत नाही. मेक्सिकोतही ग्रहणाने ओठ दुभंगतो अशी जुनी समजूत आहे. पण तेथे गरोदर बाईने अंगावर लोखंड बाळगावे म्हणतात, आणि आपल्याकडे सुरीविळीला हात लावू नये म्हणतात. दोन्ही एकदम खरे कसे असेल? मुळात आपला शब्दच फसवतो. आपण ‘फाटलेला ओठ’ म्हणतो. फाटायला तो आधी अखंड असावा लागतो. येथे काही चिरलेले नाही. जे जुळायचे ते जुळले नाही, एवढेच. सहाव्या आठवड्यात तुमचाआमचा प्रत्येकाचा ओठ तसाच वेगवेगळ्या भागांत होता.

सांधा का राहतो? बहुधा आनुवंशिक गुण आणि बाहेरची परिस्थिती मिळून. पुष्कळदा एकेकट्या मुलाच्या बाबतीत नेमके कारण सापडत नाही. आईचे धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह आणि फेफऱ्यावरची काही औषधे यांनी धोका वाढतो. ती औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारावे.

उपायही आहे. टाळू उघडी असेल तर मुलाला ओढून पिता येत नाही, दूध नाकात जाते. म्हणून त्याला उभे धरून, चमच्याने किंवा खास बाटलीने, सावकाश पाजावे लागते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यात करतात. पुढे बोलण्याचा सराव, कान व दात यांकडे लक्ष द्यावे लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

निसर्गाकडून राहिलेला सांधा शल्यवैद्य घालू शकतो. घरात बोलून उसवलेली मने सांधणे त्याच्या हातचे नाही. ते काम आपले आहे. असे मूल जन्मले तर आईला काय विचारायचे, हे आता आपणा सर्वांना ठाऊक आहे: “बाई, दूध नीट जातंय ना? डॉक्टरकडे कधी जायचं?”