स्थूलत्वाच्या शस्त्रक्रियेपूर्वीची मनःपरीक्षा : एक भाषिक विचार

आहारनियमन व औषधे यांनी स्थूलत्व आटोक्यात येत नसेल, तर जठर लहान करण्याची किंवा अन्नमार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने अशा रुग्णांची निवड शल्यविशारद, वैद्य, मानसोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्या साहाय्याने व्हावी, असे मत दिले. तेव्हापासून मनःपरीक्षा हे या पूर्वतयारीचे एक अंग बनले. रक्ताची परीक्षा यंत्राने होते. मनाची परीक्षा मात्र मुख्यतः भाषेने होते. म्हणून तिचा विचार भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो.

कर्जत व खालापूर हे तालुके या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. येथे प्रमाण मराठीच्या जोडीला आगरी, ठाकरी व कातकरी बोली नांदतात. येथील रुग्णाला विशेष उपचारांसाठी प्रायः नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते, आणि तेथे त्याच्यापुढे येणाऱ्या प्रश्नावल्या बहुधा मूळ इंग्रजीवरून उतरविलेल्या असतात.

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. मराठीत रक्ताची 'तपासणी' होते. 'परीक्षा' आणि 'चाचणी' या शब्दांमागे मात्र उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेची छाया असते. त्यात 'मानसिक' हा शब्द आला की 'मला वेडा ठरविणार काय?' अशी शंका उद्भवते. परिणामी रुग्ण खरे उत्तर न देता 'बरोबर' उत्तर शोधू लागतो. आपली बाजू उजळ करून सांगण्याची ही प्रवृत्ती पाश्चात्त्य रुग्णांतही आढळली आहे. तिची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. अन्नमार्ग वळविल्यानंतर मद्य रक्तात अधिक वेगाने भिनते व मद्यासक्तीचा धोका वाढतो. परंतु पिण्याची सवय ज्याने लपविली, त्याला हा इशारा नेमकेपणाने मिळत नाही.

दुसरी अडचण शब्दार्थाची. 'दिवसातून किती वेळा जेवता?' या प्रश्नाला 'दोन वेळा' हे उत्तर सर्वस्वी प्रामाणिक असू शकते. कारण मराठीत 'जेवण' म्हणजे भात-भाकरीचे जेवण. कर्जत स्थानकावर खाल्लेला वडा 'जेवणा'त मोडत नाही, ते 'खाणे' होय. उलटपक्षी 'उपास करतो' याचा अर्थ अन्न वर्ज्य करतो असा नसून साबुदाणा, शेंगदाणे यांसारखे ठरावीक पदार्थ खातो, असाही होतो. हा भेद न जाणणाऱ्या परीक्षकास पहिला रुग्ण असत्यवादी व दुसरा स्वतःची उपासमार करणारा वाटण्याचा संभव आहे.

तिसरी अडचण व्याकरणाची असून ती अधिक सूक्ष्म आहे. 'मला राहवत नाही' या वाक्यात शक्य क्रियापद आहे व अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. भूक 'लागते', राग 'येतो', खावेसे 'वाटते' : मनोविकार आपल्याकडे येतात, आपण ते करीत नाही, अशीच मराठीची सहज रचना आहे. अशा वाक्यावरून रुग्ण जबाबदारी टाळतो किंवा त्याचा स्वतःवरील ताबा सुटला आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे भाषेच्या रचनेलाच रोगलक्षण समजणे होय.

खिन्नता मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेतली, तरी झोप, थकवा व भूक यांविषयीचे प्रश्न तिच्यात आहेतच. अतिस्थूल व्यक्तीची झोप श्वास अडल्यामुळेही मोडते व थकवा देहभारानेही येतो. तेव्हा केवळ गुणांच्या बेरजेवरून खिन्नतेचा निर्णय करता येत नाही; 'हे कशामुळे होते?' असे रुग्णालाच विचारावे लागते.

यावरून मनःपरीक्षा अनावश्यक आहे, असे मात्र ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर आहार आयुष्यभर सांभाळावा लागतो आणि त्यासाठी कोणता आधार हवा, हे आधी कळणे रुग्णाच्या हिताचे असते. म्हणून ही भेट त्याला नाकारण्यासाठी नसून त्याच्या तयारीसाठी आहे, हे आरंभीच सांगावे, 'जेवता काय?' याबरोबर 'मधल्या वेळी काय खाता?' असेही विचारावे. आणि आवश्यक तेथे बोली जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घ्यावे. ती व्यक्ती शक्यतो नात्यातील नसावी. सासू दुभाषी असता सून मोकळेपणाने बोलेल, ही अपेक्षा व्यर्थ होय.