पिशवीतल्या चार टिपऱ्या

मॉरिशसमधला आमचा शेवटचा दिवस. सूनबाई सामान बांधत होती. मी हळूच ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या उसाच्या चार टिपऱ्या पिशवीच्या तळाशी सरकवल्या. पूर्वी कोकणातून तिकडे गेलेल्या एका मराठी घराने त्या आठवण म्हणून दिल्या होत्या. सौ.ने पाहिले. म्हणाली, “अहो, गावोगाव निरोगी बेणे वापरा म्हणून सांगता, आणि हे काय?”

मी वरमलो. परदेशातून बेणे आणायचे तर आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, हे मला ठाऊक नव्हते थोडेच! काणी, लाल कूज हे रोग बेण्यातूनही पसरतात. टिपरी मात्र वरून निरोगी दिसते. टिपऱ्या यजमानांना परत केल्या.

मुंबईला उतरून एस.टी.ने गावी आलो. बांधावर गाजर गवत फुललेले. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेले हे परदेशी तण आज गावोगाव माजले आहे. हातमोजे घालून उपटू लागलो. नातवाने विचारले, “आजोबा, हे कुणी आणलं?”

शेतकरी बंधू-भगिनींनो, परदेशातून येताना आठवणी जरूर आणा. उसाचे बेणे मात्र आपल्या संशोधन केंद्राने शिफारस केलेल्या जातीचे, निरोगी मळ्यातलेच घ्या.