दारातली जीप: फोर बाय फोर गाडी माणसं का घेतात आणि का जपतात?

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गावातल्या दूध डेअरीपुढे किंवा कोकणातल्या एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात एक गाडी हमखास दिसते. उंच, चौकोनी, पुढे उभ्या फटींची जाळी आणि मागच्या दाराला लटकवलेली स्टेपनी. कधी ती कालच शोरूममधून आलेली असते, तर कधी तिचं वय मालकापेक्षा जास्त असतं.

हिशोबाने पाहिलं तर ही गाडी घेण्यात शहाणपण दिसत नाही. तेवढ्याच पैशात जास्त मायलेज देणारी, मऊ सीटची, मोठ्या डिकीची गाडी मिळते. जुन्या जीपमध्ये तर एसी नाही, हूडमधून पाणी गळतं आणि हादऱ्यांनी कंबर धरते. तरीही लोक नवी घेतात आणि जुनी विकत नाहीत. असं का? तुमच्या घरात या विषयावर वाद चालू असेल, तर निर्णय घेण्याआधी हे वाचा.

रणांगणातून माझगावात

या सगळ्या गाड्यांची आजी एकच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला चिखलात, वाळूत आणि डोंगरात चालणारी हलकी गाडी हवी होती. 1940 मध्ये तिचा पहिला नमुना तयार झाला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

भारतात तिला आणलं ते महिंद्र बंधूंनी. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 2 ऑक्टोबर 1945 रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. सुरुवातीचा धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. याच काळात मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, तहसील कचेरी, साखर कारखाने, सगळीकडे जीप पोचली. गावात जीप आली म्हणजे कुणीतरी साहेब आला, हे समीकरण तेव्हापासूनचं.

नवी थार 2 ऑक्टोबर 2020 रोजी बाजारात आली, बरोबर कंपनीच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी. ती तयार होते नाशिकला. तिची तगडी स्पर्धक फोर्स गुरखा ही पुण्याच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची. त्यामुळे या गाडीची गोष्ट मराठी माणसासाठी घरचीच आहे.

ही गाडी वेगळी कशामुळे?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. त्यातलं एक चाक चिखलात रुतलं की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी हलत नाही. कारण ताकद वाटून देणारा डिफरन्शिअल ज्या चाकाला अडथळा कमी, त्यालाच फिरू देतो.

फोर बाय फोर गाडीत ताकद चारही चाकांना जाते. सोबत ‘लो’ गिअर असतो. तो टाकला की वेग अगदी कमी होतो, पण चाकांची ओढ वाढते. माणसाच्या चालीने गाडी खडी चढण चढते आणि तशीच सावकाश उतरते. गुरखासारख्या गाड्यांमध्ये डिफरन्शिअल लॉक करायची सोय असते, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच गतीने फिरतात. शिवाय गाडीचं पोट जमिनीपासून उंच असतं. नव्या थारमध्ये हे अंतर 226 मिलिमीटर आहे.

ज्यांच्यासाठी ती भाकरी आहे

सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे वाचक ‘वडाप’ हा शब्द विसरणार नाहीत. एसटी चुकली की वडापची जीप. आत दाटीवाटीने माणसं, टपावर पोती आणि कोंबड्यांची खुराडी, मागच्या फळीवर लटकलेली पोरं. हा प्रवास धोक्याचाच होता, त्याचं कौतुक करायला नको. पण सह्याद्रीतल्या अनेक वाड्यांना बाजार, शाळा आणि दवाखाना याच जीपने जोडला. पावसाळ्यात रस्ता खचला आणि एसटी बंद झाली की बाळंतिणीला खाली आणायला जीपच धावायची. आजही दुर्गम भागात ही गाडी हौसेची नाही, गरजेची आहे.

दुसरं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाचं. तिथे सफारीला गेला असाल तर उघडी जिप्सी तुम्हाला आठवत असेल. सहा पर्यटक, एक गाईड, एक चालक. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली. वजन जेमतेम टनभर, पेट्रोल इंजिन असल्यामुळे आवाज कमी आणि अरुंद वाटेवर चटकन वळते. जंगलाला यापेक्षा जास्त काय हवं? जंगलाकाठच्या गावांमधल्या कित्येक तरुणांनी जिप्सी घेऊन संसार उभा केला. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण जुन्या जिप्सीची मागणी टिकून राहिली. ज्याच्या घरची चूल या गाडीवर चालते, त्याला ‘जुनी का ठेवलीस?’ असं कोण विचारणार?

जिप्सीची वारसदार जिम्नी 2023 मध्ये आली. भारतात तिला जेमतेम प्रतिसाद मिळाला. पण गुरुग्रामला तयार झालेली हीच पाच दारांची गाडी 2025 च्या सुरुवातीला जपानमध्ये गेली, तेव्हा चारच दिवसांत सुमारे पन्नास हजार लोकांनी ती बुक केली आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. लहान, हलकी आणि खरोखर कुठेही जाणारी गाडी तिथल्या लोकांना भावली. आपल्याकडे मात्र रस्त्यावरचा रुबाब जास्त मोजला जातो.

जुनी गाडी का सुटत नाही?

पहिलं कारण साधं आहे. ती दुरुस्त होते. जुन्या जीपला संगणक नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं. चार पाने आणि एक पक्कड घेऊन गावातला मिस्त्री इंजिन उतरवू शकतो. पाटा तुटला तर लोहार जोडून देतो, पत्रा कुजला तर वेल्डिंगवाला नवा ठोकतो. वस्तू वापरा आणि फेकून द्या, या जमान्यात पन्नास वर्षं दुरुस्त होत राहणारी वस्तू हाताशी असणं याचंही एक समाधान असतं.

दुसरं कारण आठवणींचं. कुणाचे वडील वनखात्यात होते, कुणाच्या आजोबांनी उसाच्या पहिल्या मोठ्या बिलातून जीप घेतली, कुणी त्याच जीपमधून वरात काढली. अशी गाडी भंगारात देणं म्हणजे घरातला जुना पितळी हंडा मोडीत घालण्यासारखं वाटतं.

तिसरं कारण लष्कराचं आकर्षण. निस्सानच्या रचनेवर जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ‘जोंगा’ अनेक वर्षं लष्कराच्या सेवेत होती. सेवेतून बाद झाल्यावर अशा गाड्या लिलावात निघत आणि हौशी लोक त्या घेत. महेंद्रसिंह धोनीने 2019 मध्ये जोंगा घेतली तेव्हा त्याची छायाचित्रं सगळीकडे झळकली होती. नव्या कोऱ्या महागड्या गाड्या परवडणाऱ्या माणसालाही जुन्या गाडीचा मोह का पडतो, याचं उत्तर पैशात मिळत नाही.

आणि नवी का घेतात?

इथे थोडं खरं बोलू या. 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्वस्त प्रकारातही मिळते. दिसायला तीच, पण फोर बाय फोर नाही. म्हणजे थार घेणाऱ्या प्रत्येकाला डोंगर चढायचा असतो असं नाही.

मग काय हवं असतं? उंच बसायला मिळतं, पुढचा रस्ता नीट दिसतो, खड्ड्यांची धास्ती कमी होते. गाडी नव्याने शिकलेल्या अनेकांना या उंचीमुळे धीर येतो. आणि रुबाब हवा असतो, हेही मान्य करू या.

वाराणसीचंच पाहा. काशीच्या जुन्या गल्ल्यांतून दुचाकी नेतानाही कसरत होते. समोरून बैल आला तर माणसानेच बाजूला व्हायचं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात पिढ्यानपिढ्या राहणारी मराठी घरं आहेत, तिथे थार दारापर्यंत नेणं अशक्य. पण शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर विंध्याचे डोंगर सुरू होतात. चंदौली जिल्ह्यातले राजदरी आणि देवदरी धबधबे, चंद्रप्रभा अभयारण्य, पुढे मिर्झापूर आणि सोनभद्रचा खडकाळ मुलूख. आठवडाभर गल्लीबाहेर उभी असलेली गाडी रविवारी तिकडे मोकळा श्वास घेते. पुण्या-मुंबईच्या माणसाचंही हेच होतं. सहा दिवस सिग्नलवर काढायचे आणि सातव्या दिवशी मावळात किंवा भंडारदऱ्याला पळायचं. ती गाडी म्हणजे ‘मनात आलं तर आपण जाऊ शकतो’ या भरवशाची किंमत असते.

हौसेचं मोल कोण देतं?

गाडी कुठेही जाऊ शकते, म्हणून ती कुठेही न्यावी असं नाही. कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो आणि त्यातच ती नाजूक फुलं उगवतात. एक चाक फिरलं की तो थर उखडला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वरून गाडी गेली तर काय होईल, हे सांगायला नको.

रीलच्या नादात जून 2024 मध्ये कच्छमधल्या मुंद्राजवळ दोन थार समुद्रात घातल्या गेल्या. त्या अडकल्या आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्याला डिसेंबर 2023 मध्ये दंड भरावा लागला. थार 650 मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. पण दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकतं, हेही तितकंच खरं. साचलेलं पाणी आणि ओढ्याचा लोंढा यातला फरक कळला नाही, तर फोर बाय फोर तुम्हाला वाचवणार नाही.

याच हौसेची दुसरी बाजूही आहे. 2018 च्या केरळच्या महापुरात उंच जीप घेऊन हौशी चालक मदतीला उतरले आणि साध्या गाड्या पोचत नव्हत्या तिथून माणसं बाहेर काढली. एरवी शेजारी ज्यांना ‘नुसता देखावा’ म्हणत, त्याच गाड्या त्या दिवसांत उपयोगी पडल्या. गाडी तीच, चालवणाऱ्याची समज निराळी.

घेण्याआधी घरात बसून ठरवा

● आजी-आजोबांना शोरूममध्ये सोबत न्या आणि मागच्या सीटवर चढायला सांगा. तीन दारांच्या गाडीत मागे जायला पुढची सीट दुमडावी लागते. गुडघेदुखी असलेल्यांना हे रोज जमणार नाही.

● वर्षातून किती वेळा कच्च्या रस्त्यावर जाणार, ते कागदावर लिहा. दोन-तीनदाच जाणार असाल तर तेवढ्यापुरती गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडेल.

● जुनी गाडी घेताना आधी आरसी बुक पाहा, मग इंजिन. चेसिस नंबर स्वतः तपासा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर दर 5 वर्षांनी आरटीओमध्ये पासिंग करून ती वाढवावी लागते. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारींसाठी हे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झालं. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते 2025 मध्ये आणखी वाढलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

● पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. 2021 च्या नियमानुसार नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

● अवाढव्य टायर, बदललेली बॉडी, पुढचा लोखंडी बुलबार यांच्या मोहात पडू नका. गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. बुलबारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने 2017 मध्येच राज्यांना दिल्या. त्यामुळे पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोकाही असतो.

● जुन्या जीपमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुष्कळदा सीटबेल्टही नाही. ती हळू चालवायची गाडी आहे. लहान मुलांना घेऊन महामार्गावर वेगाने नेण्यासाठी नाही.

● सोबत टोचनाचा पट्टा, फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप ठेवा. आणि अवघड वाटेवर एकटीच गाडी कधी नेऊ नका.

एवढं सगळं पाहूनही मन त्याच गाडीवर असेल, तर जरूर घ्या. माणूस प्रत्येक वस्तू हिशोबाने घेत नाही आणि घ्यावी असंही नाही. फक्त हप्ता घराच्या गरजा भागवून उरलेल्या पैशांतून जायला हवा आणि चाकं दुसऱ्याच्या शेतावर, कासवाच्या घरट्यावर किंवा फुलांच्या पठारावर जाता कामा नयेत.

तुमच्याही दारात अशी एखादी जुनी जीप उभी आहे का? तर या रविवारी तिच्यावरचं कापड काढा, बॅटरी तपासा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की ही गाडी पहिल्यांदा घरी आली तो दिवस कसा होता. मुलांनाही शेजारी बसवून घ्या. गाडी का जपायची, हे त्यांना त्यातूनच कळेल.