लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल
लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल, संक्षेपाने एलएलडीपी, हा संगणकांच्या स्थानिक जाळ्यातील उपकरणाने आपली ओळख थेट जोडलेल्या शेजारी उपकरणास कळवण्याचा प्रोटोकॉल आहे. आयईईई या संस्थेने तो ८०२.१एबी या मानकाद्वारे २००५ साली प्रसिद्ध केला. स्विचच्या कोणत्या पोर्टला कोणते उपकरण जोडलेले आहे, हे जागेवर न जाता जाणून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

गरज
मोठ्या इमारतीतील स्विचला बहुधा २४ किंवा ४८ पोर्ट असतात आणि त्यांच्या केबल भिंतींआडून दूरवर गेलेल्या असतात. केबलवरील चिठ्ठ्या कालांतराने गळून पडतात, किंवा जोडणी बदलली तरी जुन्याच राहतात. अशा वेळी केवळ अंदाजाने पोर्ट बंद केल्यास एका संगणकाऐवजी संपूर्ण मजल्याचा संपर्क तुटू शकतो.

कार्यपद्धती
एलएलडीपी चालू असलेले उपकरण आपल्या पोर्टमधून ठरावीक काळाने, सामान्यतः दर ३० सेकंदांनी, एक लहान फ्रेम पाठवते. तिच्यात उपकरणाची ओळख, पोर्टची ओळख आणि माहितीची मुदत या तीन बाबी अनिवार्य असतात. उपकरणाचे नाव, वर्णन, क्षमता आणि व्यवस्थापनाचा पत्ता या बाबी ऐच्छिक आहेत. मुदत सामान्यतः १२० सेकंदांची असते. तेवढ्या अवधीत नवी फ्रेम न आल्यास ती नोंद काढून टाकली जाते. मानक पाळणारा स्विच ही फ्रेम पुढे पाठवत नाही. त्यामुळे ती पाठवणारे उपकरण केबलच्या दुसऱ्या टोकाशीच आहे, असे मानता येते.

दूरस्थ वाचन
मिळालेली माहिती स्विच एका तक्त्यात साठवतो. सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजेच एसएनएमपी, याच्या साहाय्याने देखरेखीचा संगणक तो तक्ता दुरून वाचतो. उदाहरणार्थ, पहिल्या स्विचच्या १२व्या पोर्टसमोर दुसऱ्या स्विचचे नाव व त्याचा २४वा पोर्ट अशी नोंद आढळते. सर्व स्विचमधील अशा नोंदी जुळवल्या, की जाळ्याचा नकाशा तयार होतो. मात्र एलएलडीपीचा पोर्ट क्रमांक व एसएनएमपीमधील इंटरफेस क्रमांक नेहमी सारखेच असतील असे नाही. ते पडताळून पाहावे लागतात.

अन्य मार्ग
सिस्को कंपनीचा सीडीपी हा याच हेतूचा, पण त्या कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे. शेजारी उपकरण यांपैकी काहीच पाठवत नसेल, तर स्विचचा मॅक पत्त्यांचा तक्ता उपयोगी पडतो. एका पोर्टवर एकच पत्ता दिसल्यास तेथे बहुधा एकच उपकरण असते. अनेक पत्ते दिसल्यास त्यापलीकडे दुसरा स्विच असण्याची शक्यता असते.

मर्यादा आणि सुरक्षा
एलएलडीपीमध्ये पाठवणाऱ्याची सत्यता तपासण्याची मूळ सोय नाही. खोटी ओळखही कळवता येते. शिवाय उपकरणाचे नाव व प्रणालीची आवृत्ती यांसारखी माहिती कोणासही वाचता येते. म्हणून बाहेरच्या जाळ्याशी जोडलेल्या पोर्टवर तो बंद ठेवणे हितावह असते. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्या सामान्यतः परवलीचा शब्द उघड स्वरूपात पाठवतात. तिसऱ्या आवृत्तीत कूटबद्धतेची सोय आहे.